वाचकांचे प्रश्न : पॉयझन आयव्ही, बिब्बा आणि कैरीचा चीक

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. रविवारी तिनं कुंपणावरची वेल उपटली आणि मंगळवारी दोन्ही मनगटांवर, पोटऱ्यांवर लाल रेघा उमटून पाण्याचे फोड आले. तिकडे त्या वेलीला पॉयझन आयव्ही म्हणतात. हळद, कडुलिंबाची पूड आणि चंदन पाठवू का? शिवाय रोज नवीन ठिकाणी उठतंय, फोडातलं पाणी नातवाला लागलं तर? (एक वाचिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : पार्सल पाठवू नका, ताई. ते पोचेपर्यंत पुरळ ओसरायला लागलेलं असेल. हे पुरळ साधारण 2 ते 3 आठवडे राहतं आणि मग आपणहून जातं. घरगुती उपायांनी खाज नक्की कमी होते, पण एकूण दिवस फारसे कमी होत नाहीत. एवढं मनाशी धरलं की रोज नवा लेप लावून बघायचा मोह होत नाही.

आधी नातवाची काळजी. फोडातल्या पाण्यात विष नसतं. ते आपल्याच अंगातलं पाणी. त्यानं पुरळ पसरत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. रोज नवीन ठिकाणी उठण्याची कारणं वेगळी आहेत. या वेलीच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं. जिथे ते जास्त लागलं किंवा कातडी पातळ आहे तिथे पुरळ आधी उठतं. तळहातासारख्या जाड कातडीवर उशिरा किंवा उठतच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : ते तेल अजून घरातच कुठेतरी आहे. बागकामाचे हातमोजे, बुटांच्या नाड्या, खुरप्याची मूठ, नखांच्या कडा, कुत्रा असेल तर त्याचे केस. वस्तूवर राहिलेलं हे तेल महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षंही लागू शकतं. नातवाला जपायचं ते या वस्तूंपासून. कपडे वेगळे, गरम पाण्यात, भरपूर साबण घालून धुवावेत. खुरपं भांडी घासायच्या साबणानं घासावं, तेही हातात रबरी मोजे घालून.

आता खाजेसाठी. तिच्या घरात ओट्स असतीलच. साधे, साखर किंवा स्वाद नसलेले 1 कप ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक काढायचे. झाले की नाही ते बघायला चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळावं. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तळाशी लगेच गाळ बसला नाही, तर पीठ बरोबर. भरड असेल तर नुसता लगदा होतो आणि अंगाला चिकटतो. ते टबभर कोमट पाण्यात घालून 15 ते 20 मिनिटं बसायचं. टब नसेल तर बादलीत थोडं पीठ कालवून सुती फडकं भिजवायचं आणि तेवढाच वेळ पुरळावर ठेवायचं. नंतर पंचानं टिपायचं, घासायचं नाही.

दुसरा उपाय खाण्याच्या सोड्याचा : 3 चमचे सोडा, 1 चमचा पाणी, असा लेप. बेकिंग पावडर नव्हे, आणि धुण्याचा सोडा तर नाहीच, त्यानं कातडी भाजते. सुकून पापुद्रे पडायला लागले की धुऊन टाकावा. कॅलामाइन लोशनही चांगलं. बाटली हलवून घ्यावी, कारण औषध तळाशी बसलेलं असतं. सगळ्यात सोपी गार पाण्याची घडी, दिवसातून तीन-चार वेळा. कढत पाणी ओतलं की खाज क्षणभर थांबते म्हणून लोक ते करतात, पण कातडी आणखी लाल होते आणि चुकून पोळतेही.

कोरफड लावायची असेल तर पान कापून 10 ते 15 मिनिटं उभं ठेवावं. कापलेल्या कडेतून पिवळा, कडवट चीक गळतो. तो स्वतःच कातडीला झोंबतो. तो गळून गेल्यावर पान धुऊन आतला काचेसारखा गर तेवढा घ्यावा. आपल्याकडे पान मोडून तसंच चोळतात आणि मग कोरफडीला दोष देतात.

हळद-चंदन फुटलेल्या फोडांवर नको. सुकलेली हळद ओढून काढताना कातडीही ओढली जाते. लिंबू, लसूण, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. फोड फोडू नयेत. आपणहून फुटला तर वरची कातडी तशीच राहू द्यावी, तीच झाकण असते. तिकडे दुकानात मिळणारं 1 टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम थोड्या जागेवर, न फुटलेल्या कातडीला चालेल. बधिर करणारी मलमं मात्र टाळावीत, त्यांचीच ॲलर्जी वर चढते.

चेहरा किंवा डोळे सुजले, नाजूक जागी पुरळ आलं, अंगाचा पाव भाग व्यापला, पू दिसला किंवा ताप आला तर घरी थांबू नये. धाप लागली तर ताबडतोब इस्पितळ गाठावं. अशा जोरदार पुरळावर डॉक्टर पोटातून स्टेरॉइड देतात, ते बहुधा 2 ते 3 आठवडे हळूहळू कमी करत. पाच-सहा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की पुरळ पुन्हा तितक्याच जोरानं उसळतं. ही चूक फार घरांत होते.

पुढच्या वेळेसाठी खरा उपाय एकच आहे आणि तो स्वयंपाकघरातल्या सिंकवर ठेवलेला असतो : भांड्यांचा साबण. उरुशिऑल तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्यानं निघत नाही. वेल लागल्याचा संशय आला की पहिल्या 10 मिनिटांत वाहत्या गार किंवा कोमट पाण्याखाली साबण लावून, फडक्यानं पुसत, तीन वेळा धुवावं, नखांखालीसुद्धा. अर्ध्या तासानं धुतलं तर फारच थोडं निघतं, उरलेलं कातडीत मुरलेलं असतं. म्हणून पुरळ उठल्यावर कितीही घासलं तरी उपयोग होत नाही, उलट त्रास वाढतो.

ओळख साधी आहे. पळसाला पाने तीनच, तशी याही वेलीला एका देठावर तीनच. मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला केसाळ मुळ्या असतात. हिवाळ्यात पानं झडली तरी काडीत तेल असतंच. उपटलेली वेल जाळायची मात्र कधीच नाही. धुरातून तो चीक फुफ्फुसात जातो.

प्रश्न : पायात काटा मोडला म्हणून सासूबाईंनी बिब्ब्याचा चटका दिला. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजलं आणि पापण्यांवरही पुरळ आलं. बिब्बा तर पायाला लावला होता! (एक वाचक, मल्हारगंज, इंदूर)

उत्तर : याला आपल्याकडे बिब्बा उतणे म्हणतात, आणि वरच्या प्रश्नाशी याचं जवळचं नातं आहे. बिब्बा, आंबा, काजू आणि पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली. बिब्ब्याच्या काळ्या टरफलातलं तेल उरुशिऑलच्याच जातीचं. पूर्वी परीट याच तेलानं कपड्यांवर खुणा करत. हवा लागली की ते काळं पडतं आणि धुतल्यानं जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना नेमक्या त्या खुणांखाली पुरळ येई.

पापणीवर ते तुमच्या बोटांनी गेलं. बिब्ब्याच्या डागाला लागलेले हात डोळ्यांना लागले असणार. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिथे कणभर तेलही पुरतं. पापण्या सुजल्या आहेत म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा. पावलावर गार पाण्याच्या घड्या ठेवा.

बिब्बा उतला की खोबरेल लावायची रीत जुनी आहे. ती ताज्या डागाला लागू पडू शकते, कारण तेलात तेल विरघळतं. पण खोबरेल लावून कापसानं टिपून घ्यायचं, कापूस टाकायचा आणि लगेच साबणानं धुवायचं. चोळून तसंच ठेवलं तर बिब्ब्याचं तेल तळहाताएवढ्या जागेवरून पोटरीभर पसरतं. सुजलेल्या पायाला मात्र आता खोबरेल चोळण्यात अर्थ नाही. आणि एकदा अंगावर उतलेला बिब्बा पुढच्या वेळी लवकर आणि जास्त उततो. काटा सुई-चिमट्यानं काढावा. सासूबाईंचा हेतू चांगलाच होता, पण या घरात आता बिब्बा नको.

प्रश्न : दरवर्षी लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या की बोटांच्या बेचक्यांत आणि ओठांभोवती पुरळ येतं. आंबा सोडावा लागेल का? (एक वाचिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : बहुतेकांना नाही. त्रास देतो तो देठाशी साठलेला चीक आणि साल; गरात तो पदार्थ जवळजवळ नसतो. देठ तोडल्याबरोबर जी चिळकांडी उडते तिच्याकडे बघा, ती पाण्यासारखी दिसते पण कागदावर तेलाचा डाग पाडते. म्हणून कैरी देठासकट आणावी, मोजे घालून देठ खुडावा आणि खुडलेली बाजू खाली करून कैऱ्या अर्धा तास जाळीवर ठेवाव्यात. मग दोन-तीन तास पाण्यात, ते पाणी फेकून पुन्हा धुवायच्या, कोरड्या पुसायच्या आणि मग अडकित्त्यावर घ्यायच्या. चीक निथळायच्या आधी फोडल्या की अडकित्त्याचं पातं तो प्रत्येक फोडीला लावत जातं.

पिका आंबा दुसऱ्या कुणाकडून सोलून-धुऊन घ्यावा, चोखून खाऊ नये. तरीही ओठ सुजले किंवा घसा आवळला तर मात्र आंबा बंद आणि डॉक्टर. आणि मुलंबाळं अमेरिकेत असतील तर त्यांनाही सांगा : ज्याला तिकडची वेल एकदा जोरात लागली, त्याला आंब्याच्या सालीनंही पुरळ येऊ शकतं.

प्रश्न : चोरलकडे फिरायला गेलो होतो, एका शेंगेला हात लागला आणि आग-आग खाज सुटली. हीच ॲलर्जी का? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : नाही. ही खाजकुइली असावी, ज्याला तुमच्याकडे केवांच म्हणतात. तिच्या शेंगेवरची सोनेरी-तपकिरी कुसं कातडीत टोचून बसतात, म्हणून खाज दोन दिवसांनी नव्हे, त्याच मिनिटाला सुटते. इथे चोळणं सगळ्यात वाईट, कुसं आणखी आत जातात आणि दुसऱ्या हातालाही लागतात. रुंद चिकटपट्टी हलकेच दाबून सरळ वर उचलायची, प्रत्येक वेळी नवा तुकडा, पाच-सहा वेळा. त्यानंतर साबण-पाणी आणि गार घडी. शर्ट डोक्यावरून काढू नये, कुसं डोळ्यांत जातात. बटणं उघडून काढावा आणि वेगळा धुवावा.