एफडी मोडून खाद्याची मशीन घ्यायची का?

विट्याजवळच्या एका ताईंचा मेसेज आलाय. अंड्यावरच्या ३०० कोंबड्या आहेत, लेयर फीडची ५० किलोची बॅग १६५० ला पडते, घरी खाद्य केलं तर किलोमागं ४ रुपये वाचतात असं मिस्टर म्हणतात, मग २ लाखाची एफडी मोडून ९० हजाराची ग्राइंडर-मिक्सर मशीन घ्यावी आणि उरलेल्या पैशाचा मका भरून ठेवावा का?

ताई, एफडी मोडू नका. मिस्टरांचा हिशोब चुकलेला नाही, पण अर्धाच मांडलाय.

कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, म्हणजे तुम्हाला महिन्याला साधारण १ टन खाद्य लागतं. वाचले ४ हजार. त्यातनं लाईट बिल, मजुरी, उंदरांनी खाल्लेलं आणि एफडीचं बुडालेलं व्याज काढलं की अडीच हजार उरले तरी पुष्कळ झालं, मग मशीनचे पैसे निघायलाच तीन वर्षं.

आणि खरी गोम तर अंड्यात आहे. ८० टक्के प्रॉडक्शन धरलं तर रोजची २४० अंडी, घरच्या मिक्सिंगमध्ये काही कमी पडून ते ७५ वर आलं तर रोज १५ अंडी कमी, साडेपाच रुपयाने महिन्याचे जवळपास अडीच हजार गेले की, म्हणजे वाचवलेलं सगळं तिथंच संपलं. लेयरला १६ ते १८ टक्के प्रोटीन लागतं आणि मक्यात असतं ८-९, म्हणून सोया पेंड. कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं, एका कवचातच २ ग्रॅमच्या आसपास जातं, खाद्यातनं मिळालं नाही तर ती बिचारी स्वतःच्या हाडातलं काढून देते, मग कवच पातळ होतं आणि शेवटी पायातली ताकद जाऊन खाली बसते.

मका भरून ठेवायची तर मला जास्तच भीती वाटते. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या शेडवर गेलो होतो, पोत्यात हात घातला तर आतनं गरम लागलं, मुठीत आलेल्या दाण्यांवर हिरवट बुरशी. ते खाऊन कोंबडीचं लिव्हर जातं.

त्यापेक्षा असं करा. सुगीला दोन महिन्यांपुरताच मका घ्या, चांगला वाळलेला, ओलावा १४ टक्क्याच्या आत. गावात भरडून आणा, लेयर कॉन्सन्ट्रेट (म्हणजे भरड्यात मिसळायचं प्रोटीन-कॅल्शियमचं तयार मिश्रण) बॅगवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा आणि फक्त ५० पक्ष्यांना महिनाभर घाला, त्यांची अंडी वेगळी मोजा, वहीत लिहा. एका अंड्याला खाद्याचा खर्च किती आला एवढंच बघायचं, किलोचा भाव विसरा. आणि फीडर एक तृतीयांशच भरा, काठोकाठ भरला की चोचीनं उडवून बरंच खाली सांडतात, ही बचत तर फुकटची आहे! शिंपल्याची खडी संध्याकाळी द्या, कवच रात्रीच बनतं.

एफडीतले दोन महिन्यांच्या खाद्याचे ६८ हजार तर अजिबात हलवू नका. श्रावणात अंड्याचा रेट पडतो तेव्हा फीडवाल्याकडं उधारी करावी लागली की तो लावेल तो भाव.

पक्षी किती आठवड्यांचे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. साठ आठवड्यांच्या पुढं गेले असतील तर अंडी कमीच होत जाणार, मशीनचा विषय सोडा, आधी पुढच्या बॅचच्या तलंगांचे (अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्यांचे) पैसे बाजूला काढा.