मुंबईत राहून मला सापडलेले समुद्राचे वेळापत्रक

मोठ्या शहराच्या धावपळीत लागलेला असा कोणता छोटा शोध सांगाल, ज्याने रोजचे जगणे अधिक आनंदाचे झाले, असे आपण विचारले आहे. माझ्यापुरते उत्तर एकच आहे: मुंबईत राहून भरती-ओहोटीची वेळ स्वतःची स्वतः काढता येणे. लोकलच्या वेळा आम्हा सर्वांना तोंडपाठ असतात, पण तीन बाजूंनी वेढणारा समुद्र या क्षणी आत येतो आहे की मागे सरतो आहे, हे बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही अनेक वर्षे सांगता येत नव्हते.

हे गणित मला मासे देणाऱ्या कोळीण मावशींनी शिकवले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. आणि पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, गणिताने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, नियम तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज थोडा पुढे सरकत असल्यामुळे भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि तिथीही चंद्राच्याच गतीवर चालते, म्हणून हा हिशेब जुळतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण फिरायला जाण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ही सारी माहिती इतकी वर्षे डोळ्यांसमोर होती, याचे मला आजही नवल वाटते.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ ओहोटीला होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, म्हणजे पाणी जितके वर चढते तितकेच खूप दूरही जाते. आणि मुंबईत ही खोल ओहोटी नेमकी सकाळी व संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, जेव्हा नोकरदार माणसाला थोडी सवड असते. अशा वेळी वांद्र्याच्या कार्टर रोडवर किंवा हाजी अलीजवळ एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याजवळ थोडा वेळ न हलता बसले, की आधी रिकामे वाटलेले डबके हळूहळू जिवंत होते. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहिलेले खेकडे चालू लागतात आणि दगडाला चिकटलेली समुद्रफुले आपल्या स्पर्शिका उघडतात. नशीब असेल तर एखादा लहान ऑक्टोपसही दिसतो. पलीकडे कोळी स्त्रिया खडकावरची कालवे फोडत बसलेल्या असतात. मागे बस आणि मोटारींची रांग, पुढे हे सारे, आणि त्यासाठी तिकीट नाही की प्रवास नाही. पर्यटनाच्या जाहिरातींत मुंबईचा समुद्र नेहमी सूर्यास्तापुरता दाखवतात. मला मात्र हा खडकांमधला समुद्र कितीतरी अधिक श्रीमंत वाटतो. पाय शेवाळावरून घसरतात, म्हणून पकड असलेले बूट घालावेत, कोणताही जीव उचलू नये आणि पाणी वळण्याआधी परतावे.

बाजारहाटातही या गणिताचा उपयोग होतो. वर्सोवा-मढकडचे कोळी बोंबील, जवळा, करंदी यांसाठी डोल जाळे लावतात. हे जाळे जागेवर बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीनेच त्यात मासळी शिरते. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत ओढ जोरदार असल्याने मासळी अधिक मिळते आणि अष्टमी-नवमीच्या आसपास, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते त्या भांगाच्या दिवसांत, ती कमी होते. आज बोंबील का महाग, याचे उत्तर आता मला पुष्कळदा पंचांगातच सापडते आणि मावशींशी घासाघीस करण्याऐवजी मी त्यांना समुद्राबद्दल चार प्रश्न विचारते.

पावसाळ्यात मात्र हीच माहिती सावधगिरीसाठी वापरावी. महापालिका दरवर्षी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. अशा भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस आला, तर पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि हिंदमातासारखे सखल भाग तुंबतात. त्या दिवशी खडकांकडे फिरकू नये आणि घरी परतण्याची वेळही भरती पाहूनच ठरवावी.

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत मुंबई परिसरात असाल, तर ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांपासून सुरुवात करा, असे मी सुचवेन. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. ओहोटीत पक्षी चिखलावर दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात आणि पूर्ण भरतीला चिखल बुडाला की विश्रांतीच्या जागी उडून जातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही यामुळे भरतीप्रमाणे रोज बदलतात. आरक्षण करण्यापूर्वी त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करून पाहा आणि तुमचे उत्तर केंद्राने दिलेल्या वेळेशी ताडून घ्या.