जर्मनीत परदेशी नावामुळे भाड्याचं घर नाकारलं जातं का? कायद्याने काही करता येतं का?

हो, नाकारलं जातं, आणि समान वागणुकीच्या २००६ च्या कायद्याने (तिकडे 'आ-गे-गे' म्हणतात) भरपाई मागता येते. पण मुदत फक्त 2 महिन्यांची आहे. भेदभाव कळल्यापासून तेवढ्यात घरमालकाला किंवा एजंटला मागणी (शक्यतो लेखी) गेली नाही, तर हक्क सहसा जातो. बहुतेक जण इथेच अडकतात.

तुम्हाला सगळं सिद्ध करावं लागत नाही. संशयाला जागा देणारे पुरावे दिले की भेदभाव झाला नाही हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते. सर्वात कामाचा पुरावा म्हणजे तुलनात्मक अर्ज: तेवढाच पगार, तशीच नोकरी, तेवढीच माणसं, फक्त नाव जर्मन, आणि पाठवायचा त्याच दिवशी. तुम्हाला 'घर गेलं' आणि त्याला भेटीची वेळ, असं झालं तर दोन्ही ईमेल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. फोनवर बोललेलं नंतर सहज नाकारलं जातं. नुसत्या नकारावरून मात्र काही होत नाही. बर्लिन-म्युनिकमध्ये जर्मनांनाही नकारांचा ढीग मिळतो.

५० पर्यंत घरं असलेल्या मालकाला कायदा लागूच नाही, असं सर्रास सांगतात. वंशाच्या बाबतीत ते चूक आहे. मालक त्याच आवारात राहत असेल तर मात्र सूट मिळू शकते.