‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथॉन ५ का सांगतो?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘मराठी’ या शब्दाला लांबी मोजणारे लेन फंक्शन लावल्यावर ३ ऐवजी ५ हे उत्तर का येते आणि तोच शब्द उलटा केल्यावर त्याची मोडतोड का होते, असे आपण विचारले आहे. आपल्या कोडमध्ये चूक नाही. आपण अक्षरे मोजत आहात आणि पायथॉन कोड पॉइंट मोजतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकामध्ये, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी या पाचांना पाच स्वतंत्र क्रमांक, म्हणजेच कोड पॉइंट, आहेत, आणि पायथॉन ३ मधील स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही अशा क्रमांकांची माळ. ती उलटी केली की वेलांटी निराधार होऊन सर्वांत पुढे येते आणि ‘रा’चा काना ‘ठ’ला जाऊन चिकटतो. हाच शब्द गो भाषेत मोजला तर १५ येतात, कारण तेथे बाइट मोजले जातात आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. स्विफ्ट ही भाषा मात्र आपल्याला अपेक्षित असलेले ३ हेच उत्तर देते.

मला स्वतःला याचा फटका एका नोंदणी अर्जात बसला. नावात अंक येऊ नयेत म्हणून मी इजअल्फा ही ‘सगळी अक्षरेच आहेत ना’ हे पाहणारी पायथॉनची तपासणी लावली होती आणि चाचणीसाठी ‘कमल’ हे नाव टाकले, ते बिनतक्रार स्वीकारले गेले; पुढे ‘सुनीता’ नाकारले गेले तेव्हा कुठे लक्षात आले की, उकार, वेलांटी, काना यांची गणना युनिकोड अक्षरांत नव्हे, तर जोडचिन्हांत करते. पायथॉनच्या अंगभूत रेग्युलर एक्सप्रेशनमधील (मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीतील) शब्दातील अक्षरे ओळखणारा बॅकस्लॅश डब्ल्यूही याच कारणाने ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे करतो.

यावर उपाय म्हणजे रेजेक्स हे वेगळे पॅकेज बसवून त्यातील बॅकस्लॅश कॅपिटल एक्स ही वाचकाला दिसणारे एकेक अक्षर पकडणारी खूण वापरणे. त्याने म, रा, ठी असे तीन भाग मिळतात. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘स्त्री’चे जुन्या नियमांनुसार तीन भाग पडतात, तर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पासून तो एकच भाग धरला जातो, त्यामुळे आपले पॅकेज कोणते नियम पाळते हे आधी तपासावे.

मला सर्वांत त्रासदायक वाटते ती तुलना. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण त्यातील अर्धा र तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ हे एकच चिन्ह व हलन्त, साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) व हलन्त, किंवा साधा र, हलन्त व न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दोन कळफलकांवरून आलेले असे शब्द पायथॉनला वेगळे वाटतात आणि शोध रिकामा परततो. तुलनेपूर्वी दोन्ही स्ट्रिंगचे एनएफसी नॉर्मलायझेशन (समान अर्थाचे चिन्हक्रम एकाच ठरावीक रूपात आणणे) केल्यास पहिले दोन प्रकार एक होतात; तिसरा होत नाही, त्यासाठी र, हलन्त व जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ व हलन्त घालणारी एक ओळ आपल्यालाच लिहावी लागते.