पिन बसली म्हणून लावला, पट्टी भाजली

प्रश्न: गणपतीच्या मखरासाठी १२ व्होल्टची ५ मीटर एलईडी पट्टी आणलेली, तिचा अ‍ॅडॉप्टर काही सापडेना म्हणून भाच्याने जुन्या लॅपटॉपचा लावला, पिन बसली. काय उजेड पडला म्हणून सांगू, सगळे खूश, मग वास यायला लागला, पट्टी चटका बसेल एवढी तापलेली, लगेच बंद केली. आता काही तुकडे लागतच नाहीत, काही निळे दिसतात. भाचा म्हणतो अँपिअर जास्त झाले (अ‍ॅडॉप्टरवर १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर लिहिलंय). पट्टी टाकून देऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: अँपिअरवर उगाच आळ नको, घोळ व्होल्टचा आहे. ४.७४ म्हणजे अ‍ॅडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, पट्टी किती ओढणार ते व्होल्टवर ठरतं. कात्रीच्या दोन खुणांमधला तुकडा नीट बघा, ओळीने तीन एलईडी आणि सोबत बारीक काळा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग), बऱ्याच पट्ट्यांत त्यावर १५१ लिहिलेलं असतं म्हणजे १५ पुढे एक शून्य, १५० ओहम. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातो, तिघांचे ९ गेले, उरलेले ३ रेझिस्टरवर. १९ दिले की एलईडी थोडेच जास्त खातात, बाकी सगळं रेझिस्टरच्या बोकांडी, करंट जवळपास तिप्पट आणि रेझिस्टरची उष्णता नऊपटीच्या घरात. त्याच्या आजूबाजूला पट्टी तपकिरी झालेली दिसेल बघा. आणि निळं का, तर पांढरा एलईडी आतून निळाच असतो, वरच्या पिवळ्या थरामुळे पांढरा दिसतो, तो थर भाजला.

चांगले तुकडे खुणेवर कापून वापरता येतात, पण मखरात कापड, कागदी फुलं, तिथे ही पट्टी नकोच, नवी घ्या. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक ठणठणीत असेल. पिनेचं म्हणाल तर बाहेरून ५.५ मिलिमीटरची पिन १२ वालीही असते आणि १९ वालीही, त्यामुळे बसणारच ती.

नवा अ‍ॅडॉप्टर घेताना १२ व्होल्टचाच एसएमपीएस (घरच्या विजेचे ठरावीक डीसी व्होल्ट करून देणारा डबा) मागा. ५०५० ची (५ बाय ५ मिलिमीटरचे एलईडी), मीटरला ६० एलईडीवाली पट्टी असेल तर मीटरला १४.४ वॅट, ५ मीटरला ७२ म्हणजे ६ अँपिअर, तेव्हा ८ च्या आसपासचा घ्या. सेट-टॉप बॉक्सचा २ अँपिअरवाला लावायची आयडिया कुणीतरी काढेलच, व्होल्ट जुळले तरी तो तापेल नाहीतर लुकलुकत बसेल. आणि थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीचा छोटा प्लग घरात असेल तर तो भाच्यापासून लपवून ठेवा, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा, व्होल्ट कमी न करणारा), त्यावर ही पट्टी लावली तर जळेलच, वर शॉकही बसेल.