कोॲग्युलेशन (रक्ताची गुठळी होण्याच्या) चाचण्यांत ‘प्लेटलेट-पुअर प्लाझ्मा’ नेमकं कशाला म्हणायचं? एकदा सेंट्रिफ्यूज केलेला (यंत्रात वेगाने फिरवून पेशींपासून वेगळा केलेला) प्लाझ्मा चालतो का?

दर मायक्रोलिटरमागे १०,००० पेक्षा कमी प्लेटलेट (गुठळीला मदत करणाऱ्या बारीक रक्तपेशी) उरलेला सायट्रेट प्लाझ्मा (सायट्रेट घालून गुठळी रोखलेल्या रक्ताचा) म्हणजे प्लेटलेट-पुअर प्लाझ्मा. तो कितीदा फिरवला यावर नाव ठरत नाही. ताज्या नमुन्यावर लगेच पीटी किंवा एपीटीटी (गुठळी व्हायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या) करायची असेल तर एकदा, १५०० जीवर १५ मिनिटं, सहसा पुरतं (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल ते, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे नव्हेत; तेवढ्याच जीसाठी लागणारे आरपीएम रोटरच्या त्रिज्येनुसार बदलतात). घोळ होतो तो प्लाझ्मा फ्रीझरमध्ये गोठवल्यावर. उरलेल्या प्लेटलेट फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात मिसळतं आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट (फॉस्फोलिपिडवर अवलंबून चाचण्या लांबवणारी अँटिबॉडी) असूनही तिची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. रुग्णाला हेपारिन (गुठळी रोखणारं औषध) चालू असेल तर प्लेटलेटमधून सुटलेलं प्लेटलेट फॅक्टर ४ हे प्रथिन ते निकामी करतं, एपीटीटी खोटी कमी दिसते. म्हणून गोठवण्याआधी:

- प्लास्टिक पिपेटने वरचा प्लाझ्मा घ्या, बफी कोटला (लाल पेशींवरच्या पांढऱ्या पेशी-प्लेटलेटच्या पातळ थराला) धक्का नको.
- प्लास्टिकच्या नळीत पुन्हा तेवढाच फिरवा, तळाचा सुमारे ०.२५ मिली सोडून द्या.
- सेल काउंटरवर प्लेटलेट मोजा. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

प्लेटलेट ॲग्रिगेशनला (प्लेटलेट एकमेकींना कशा चिकटतात ते पाहणाऱ्या चाचणीला) मात्र हे लागू नाही. तिथे सहसा हळू फिरवलेला प्लेटलेट-रिच (भरपूर प्लेटलेट असलेला) प्लाझ्मा लागतो, पुअर फक्त तुलनेपुरता.