ताप उतरला म्हणून लगेच शाळा नको

अगं, बालवाडीचं पहिलं वर्ष, शाळा बुडली की जीव खालीवर होतोच. तरी थर्मामीटरवर १००.४ किंवा जास्त दिसलं तर घरीच ठेव. सकाळी पॅरासिटामॉल पाजून व्हॅनमध्ये बसवू नकोस. चार-सहा तासांत औषधाचा असर ओसरतो आणि वर्गातच पोर पुन्हा फणफणतं. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच पाठव. उलट्या-जुलाब थांबल्यावरही पूर्ण दिवस जाऊ दे. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाहीच. नुसतं नाक वाहतंय, पण खातंय, खेळतंय? नाशिकच्या थंडीत हे चालायचंच, कानटोपी घालून खुशाल पाठव. मात्र श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे ने.